राणीच्या बागेत अख्ख्या घराला घेऊन दिवसभर जायचंय? मग असं करा

सुट्टी लागली की मुंबईत घराघरात एकच विषय, मुलांना न्यायचं कुठे, आणि मॉलमध्ये फिरवून आणलं तर पैसे जातात आणि संध्याकाळी पोरं परत "बोर होतंय" म्हणून पाय आपटतात ते वेगळंच. त्यापेक्षा भायखळ्याला राणीची बाग गाठा. पाटीवरचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण कुठल्याही टॅक्सीवाल्याला राणीबाग म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. बहुतेक लोक तिथे पेंग्विन, वाघ, फोटो असं दोन तासात उरकून बाहेर पडतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ही आधी बाग आहे आणि मग प्राणीसंग्रहालय. पन्नासेक एकर जागा, १८६० च्या दशकापासूनची, आणि आत जी झाडं आहेत ती मुंबईत दुसरीकडे एका ठिकाणी बघायला मिळणं कठीण.

आधी वार ठरवा

बुधवारी बाग बंद असते, हे पहिलं डोक्यात ठेवा. पण बुधवारी सरकारी सुट्टी आली तर उलट होतं, त्या दिवशी बाग चालू ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी बंद. रविवारी आणि मे महिन्यात गर्दी विचारू नका. जमलं तर मंगळवार किंवा गुरुवारी एक रजा टाका, खरंच टाका, त्याच बागेत एवढा फरक पडतो. रविवारच जमणार असेल तर आदल्या रात्री मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा, नाहीतर मध्य रेल्वेवर ताटकळण्यात अर्धी सकाळ जाईल.

तिकिटाचं म्हणाल तर २०१७ मध्ये दर वाढवले तेव्हा मोठ्या माणसाला ५० रुपये आणि आई-वडील अधिक दोन मुलं अशा चौघांना मिळून १०० रुपये असं ठेवलं होतं. निघायच्या आधी आत्ताचा दर बघा आणि ऑनलाइनच काढून टाका, खिडकीच्या रांगेत मुलांना उन्हात उभं करण्यात काही अर्थ नाही.

बॅग भरताना

प्रत्येकाची पाण्याची स्टीलची बाटली, टोप्या, एक जुनी चादर, ओला नॅपकिन, लहानग्याचा एक जादा कपड्यांचा जोड. खायला कोरडं न्या, थेपले, दशम्या, चटणी, केळी, भडंग वगैरे, आणि स्टीलच्या डब्यात न्या. प्लास्टिकच्या पिशव्या नकोतच. डबा कुठे उघडायचा ते गेटवरच विचारून घ्या आणि सांगतील तिथेच बसून खा. आजी-आजोबांची दुपारची गोळी वेगळ्या पाकिटात ठेवा म्हणजे ऐनवेळी सगळी बॅग उपसावी लागत नाही.

जायचं कसं

मध्य रेल्वेने भायखळा, पूर्वेला उतरायचं. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलायची. स्टेशनवर उतरलात की लगेच पळू नका, एकदा मान वर करून इमारत बघा, देशातल्या सगळ्यात जुन्या स्टेशनांपैकी एक आहे, तिची डागडुजी इतकी छान झाली की २०२२ मध्ये युनेस्कोचा वारसा जतनाचा पुरस्कार मिळाला. तिथून बाग चालत जाण्यासारखी आहे, पण बरोबर गुडघेदुखीवालं कुणी असेल तर सरळ टॅक्सी करा. इकडे रिक्षा मिळत नाही, उपनगरातून येणाऱ्यांना हे हमखास आठवत नाही.

आत शिरल्यावर पहिलं पेंग्विन

सकाळी साडेनऊला उघडते तेव्हाच पोचा आणि थेट पेंग्विनकडे चला. एक तर नंतर तिथे रांग वाढत जाते, आणि दुसरं म्हणजे पेंग्विन बघून होईपर्यंत मुलांच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही, "पेंग्विन कधी, पेंग्विन कधी" एवढंच. हे हम्बोल्ट जातीचे, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले, आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात. मुलांना सांगा की हे बर्फावरचे नाहीत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत, तिथे समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो म्हणून त्यांना गारवा लागतो. मग काचेजवळ थांबून छातीवरचे काळे ठिपके बघायला लावा. प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात. एकाला हेरायचं आणि तो पाण्यात शिरून दुसरीकडून वर आला की परत ओळखायचा, एवढ्यावर मुलं बराच वेळ रमतात. काचेवर टकटक मात्र करू देऊ नका, फ्लॅश पण बंद.

मग बाकीचे प्राणी, पण सगळे नकोत

इथे लोकांची गडबड होते. प्रत्येक पिंजऱ्याला हजेरी लावायचीच असं ठरवलं की साडेअकरापर्यंत आजी थकलेल्या आणि छोटं रडवेलं. मी म्हणेन चार-पाचच निवडा आणि तिथे नीट थांबा. वाघ आणि बिबट्या सकाळीच बघा, ऊन चढलं की ते सावलीत जाऊन झोपतात. आत चालत जायचा पक्ष्यांचा मोठा पिंजरा सोडू नका, तिथे पक्षी अगदी डोक्यावरून जातात.

पाणघोड्याकडे लोक येतात, नुसतं पाणी दिसतं, "काही नाही रे इथे" म्हणून पुढे जातात. तुम्ही थांबा. तो खालीच असतो, नाकपुड्या मिटून. मुलांना मोबाइलवर वेळ लावायला सांगा. साधारण तीन ते पाच मिनिटांत आधी दोन नाकपुड्या वर येतात, फुस्स करून फवारा उडतो, मग डोळे आणि मग कान, आणि कान असे गरगर हलवून पाणी झटकतो की मुलं खिदळायलाच लागतात.

कुठल्याही प्राण्याला काही खायला घालू नका, अगदी शेंगदाणा पण नाही.

दुपार झाडांखाली काढा

सगळ्यात छान वेळ हीच, आणि हीच बरेच जण घरी जाण्यात घालवतात. जेवणं झाली की आजोबांना बाकावर पडू द्या आणि मुलांना घेऊन झाडं शोधायला निघा, बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. गोरखचिंच शोधा, मूळची आफ्रिकेची, बुंधा एवढा जाड की घरातल्या सगळ्यांनी हात धरून वेढा पुरतो का ते नुसतं लांबून मापायचं. उर्वशी ही म्यानमारची, फुलली असेल तर नशीब समजा, लालपिवळ्या फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात.

आणि कैलासपती. याची फुलं फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडातून फुटलेल्या दोरखंडांवर येतात. खाली पडलेलं एखादं ताजं फूल मिळालं तर उचलून मुलांच्या हातात द्या, आत पिंडीसारखा भाग आणि त्यावर नागाची फणी धरावी तसा झुपका वाकलेला, आणि वास असा गोड की आज्या लगेच पदराच्या टोकाला बांधून ठेवतात. फक्त त्या झाडाच्या बरोब्बर खाली चादर पसरू नका, त्याची फळं तोफगोळ्याएवढी असतात आणि न सांगता पडतात.

फिरता फिरता एक घोड्यावरचा पुतळा दिसेल, इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डचा. फोर्टातल्या काळा घोडा भागाला ते नाव ज्याच्यामुळे पडलं तो मूळ काळा घोडा हाच, १९६५ मध्ये तिथून हलवून इथे आणला.

पाय चालत असतील तर म्युझियम

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तिकीट वेगळं, आणि ते पण बुधवारी बंद. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, आतलं हिरवं-सोनेरी छत बघूनच मोठी माणसं गप्प होतात. मुलांना मातीच्या छोट्या बाहुल्या आवडतात, जुन्या मुंबईतले वेगवेगळे व्यवसाय करणारे लोक. बाहेर आवारात दगडी हत्ती आहे, घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच, त्याच्यापाशी फोटो काढाच.

निघताना

कामाचा वार असेल तर साडेचारच्या आत स्टेशन गाठा. पाचनंतर सीएसएमटीवरून भरून येणाऱ्या गाडीत भायखळ्याला म्हातारी माणसं आणि पेंगुळलेली पोरं घेऊन चढणं शक्य नाही. उशीर झालाच तर सात-साडेसातची गर्दी ओसरायची वाट बघू नका, पोरं तेवढी दम धरत नाहीत, सरळ टॅक्सीने दादरला जा आणि तिथून सुटणारी लोकल पकडा, निदान बसायला जागा मिळण्याची आशा असते.