ब्रँडसाठी रंग निवडताना: नावाकडे नव्हे, छटेकडे पाहा

‘निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, लाल म्हणजे उत्साह’ अशा धाटणीचे तक्ते सर्वत्र आढळतात. त्यांत अजिबात तथ्य नाही असे नाही. परंतु केवळ त्यांच्या भरवशावर ब्रँडचे किंवा संकेतस्थळाचे रंग ठरवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्त्यात रंगाचे नुसते नाव असते, पडद्यावर मात्र एक नेमकी छटा असते, आणि पाहणाऱ्याच्या मनावर परिणाम होतो तो त्या छटेचा.

याची प्रचिती घ्यायची असेल, तर डिझाइनच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एचएसएल पद्धतीने रंग भरून पाहावा. या पद्धतीत पहिला आकडा मूळ रंग सांगतो, दुसरा त्याचा भडकपणा आणि तिसरा उजळपणा. पहिला आकडा २२० ठेवला की निळा मिळतो. भडकपणा ९० आणि उजळपणा ५० टक्के ठेवल्यास चटकन नजर खेचणारा, उत्साही निळा दिसतो. तेच आकडे १५ आणि ३० वर आणले की पाटीच्या दगडासारखी गंभीर, जवळजवळ करडी छटा समोर येते. ८० आणि ९२ केल्यास रंग इतका फिका होतो की तो पार्श्वभूमीलाच शोभावा. तिन्हींना आपण निळाच म्हणतो, पण कायदेविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेला पहिला निळा उथळ वाटेल आणि मुलांच्या खेळांच्या अॅपला दुसरा निरुत्साही करून टाकील.

पॅट्रिशिया वाल्डेझ आणि अल्बर्ट मेहराबियन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही हेच दिसले होते: रंग जितका उजळ तितका तो सुखद वाटतो, आणि जितका भडक तितकी मनाची उत्तेजना वाढते. म्हणून निवडीचा क्रम उलटा करावा. आपल्याकडे येणाऱ्याला काय वाटावे हे आधी दोन-तीन विशेषणांत लिहून काढावे, त्यावरून भडकपणा आणि उजळपणा यांचा पल्ला ठरवावा, आणि मूळ रंग त्यानंतरच निवडावा. ‘आधुनिक’ किंवा ‘दर्जेदार’ ही विशेषणे कोणालाही लागू पडतात, त्यामुळे ती येथे निरुपयोगी आहेत. ‘धीर देणारे’, ‘काटेकोर’, ‘खेळकर’ यांतून मात्र काहीतरी ठरवता येते.

मूळ रंगाचा अर्थ संदर्भाबरोबर बदलतो. शेअरच्या किमती दाखवताना अमेरिकेत लाल म्हणजे घसरण, तर चीनमध्ये लाल म्हणजे वाढ. मॅकडोनल्ड्सने २००९ मध्ये जर्मनीत आपल्या पिवळ्या चिन्हामागची लाल पार्श्वभूमी बदलून गडद हिरवी करण्याचे ठरवले, ते पर्यावरणाविषयीची आस्था दाखवण्यासाठी. चिन्ह तेच राहिले, पण त्यामागच्या रंगाने सांगणे बदलले. तेव्हा आपला ग्राहक कोण आहे आणि त्याला त्या क्षेत्रात कोणते रंग पाहण्याची सवय आहे, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतरचा टप्पा वाचनीयतेचा आहे, आणि तोच बहुतेकदा दुर्लक्षिला जातो याची मला खंत वाटते. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या एए (मधल्या) पातळीनुसार, नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातील फरकाचे गुणोत्तर, किमान ४.५ : १ असावे लागते, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ पुरते. शुद्ध पिवळ्यावर पांढरी अक्षरे ठेवली तर हे गुणोत्तर अवघे १.०७ भरते, म्हणजे आनंदी दिसावे म्हणून निवडलेले बटण वाचताच येत नाही. शुद्ध लालवर पांढरी अक्षरेही ४ च्या आसपासच राहतात. एचएसएलमधील उजळपणा ५० वरून ४० टक्के केला की तोच लाल सुमारे ५.९ पर्यंत पोहोचतो, आणि त्याची ऊब फारशी कमी होत नाही. पिवळ्यावर मात्र सरळ काळी अक्षरे घ्यावीत.

रंग हा अर्थ सांगण्याचा एकमेव मार्ग असू नये. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना लाल आणि हिरवा यांतील फरक ओळखणे कठीण जाते. फॉर्ममध्ये जिथे चूक झाली ती चौकट नुसती लाल करून थांबू नये. ‘मोबाइल क्रमांकात एक अंक कमी आहे’ असे शब्दांत लिहावे. ब्रँडचा मुख्य रंगच लाल असेल, तर प्रत्येक बटण इशाऱ्यासारखे दिसू लागते. अशा वेळी चूक दाखवणाऱ्या सूचनेसोबत एखादे चिन्हही द्यावे.

रंगांच्या वाटपासाठी ६०-३०-१० हे प्रमाण सुरुवातीला उपयोगी पडते: सर्वाधिक जागा शांत पार्श्वभूमीला, त्याहून कमी साहाय्यक रंगाला आणि उरलेली थोडी ठळक रंगाला. हा ठळक रंग ‘खरेदी करा’ किंवा ‘नोंदणी करा’ अशा मुख्य कृतीसाठीच राखून ठेवावा. तोच शीर्षकांत, रेघांत आणि चित्रांतही वापरला, तर बटण गर्दीत हरवते.

शेवटी संपूर्ण पान एकदा करड्या छटांत बदलून पाहावे. मुख्य बटण तेथेही उठून दिसत नसेल, तर आधी उजळपणातला फरक वाढवावा. ठरलेल्या छटा कोडमध्ये साठवताना त्यांना ‘निळा’, ‘लाल’ अशी नावे न देता ‘मुख्य कृती’, ‘चूक’, ‘पार्श्वभूमी’ अशी कामावरून नावे द्यावीत, म्हणजे पुढे छटा बदलली तरी नाव खोटे ठरत नाही.