हेडलाइटचा उजेड वाढवा, पण समोरच्याचे डोळे न दिपवता

कोंडाईबारी घाटात किंवा कन्नडचा घाट उतरताना उजेड अपुरा वाटतो. रस्त्याकडेला उभी असलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसते. मग माणूस दुकानात जातो आणि एलईडी नाहीतर 100/90 वॅटचा बल्ब घेऊन येतो. हे दोन्ही पर्याय चुकीचे आहेत. जुन्या गाडीत उजेड बहुतेक वेळा बल्बमुळे नाही, तर वायरिंग, पिवळी काच आणि बिघडलेला फोकस यांच्यामुळे कमी होतो. त्यामुळे आधी या तीन गोष्टी, बल्ब नंतर.

व्होल्टेज मोजा

इंजिन चालू, हेडलाइट चालू. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मोजा, साधारण 13.5 ते 14.2 यायला हवेत. मग बल्ब कपलरमध्ये (बल्बला वायर जोडणारा प्लग) लावलेला आणि पेटलेला असतानाच कपलरच्या मागच्या बाजूने पिना टोचून तिथलं मोजा. कपलर काढून मोजलं तर लोड नसल्याने आकडा चांगलाच दिसतो आणि दोष सापडत नाही. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत व्होल्टेजची गळती आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने पडतो: बल्बला 13.2 ऐवजी 12 व्होल्टच मिळाले तर पाव हिश्शाहून जास्त उजेड गेलाच.

गळती कुठे आहे ते शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या वायरवर लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. बॉडीवरचा बोल्ट सोडा, गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून काढा, परत घट्ट आवळा. एवढ्यावरच पुष्कळ गाड्या सुधारतात.

अर्थिंग ठीक असूनही फरक राहिला तर रिले किट लावायची. रिले म्हणजे स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीतून थेट बल्बला करंट सोडणारा स्विच. एच4 (डीपर आणि अप्पर एकाच बल्बमध्ये) साठी दोन रिले लागतात, एक डीपरला (खालचा उजेड) आणि एक अप्परला (लांबचा उजेड). रिलेच्या 30 नंबरला बॅटरीपासून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर येते, 87 वरून बल्बला जाते, 86 ला जुन्या कपलरचा सिग्नल आणि 85 ला अर्थ. दोन बल्बचे मिळून 110 ते 120 वॅट, म्हणजे जेमतेम 9 अँपिअर. प्रत्येक रिलेला 15 अँपिअरचा फ्यूज पुरतो. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली तर मधल्या तुकड्याला संरक्षण राहत नाही. बल्बचा होल्डर सिरॅमिकचा घ्या. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थ तोडतो, तिथे ही जोडणी उलटी करावी लागते. ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच जोडा. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमला विचारल्याशिवाय वायरिंगला हात नको.

काच

आपल्याकडच्या उन्हात पॉलिकार्बोनेटची काच पिवळी पडतेच. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा, पाणी मारत 800, 1500, 2000, 3000 अशा क्रमाने पॉलिश पेपर फिरवा, मग पॉलिश करा. शेवटी यूव्ही क्लिअर कोट (उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर) मारलाच पाहिजे, तो नसेल तर काच लवकरच परत पिवळी. टूथपेस्टचा उपाय चार दिवसांचा.

बल्ब निवडताना

जुन्या बल्बच्या बुडावर प्रकार लिहिलेला असतो: एच4 (60/55 वॅट), एच7 किंवा एच11 (55 वॅट). तोच प्रकार, तेच वॅट आणि बुडावर गोलात ई व आकडा असलेली मान्यतेची खूण, एवढं बघा. खोक्यावर ‘प्लस 130 टक्के’ लिहिलेलं असलं तरी एकूण उजेड तेवढा वाढत नाही. तो रस्त्यावरच्या ठराविक भागापुरता दावा असतो. अशा बल्बचं आयुष्यही कमी. निळसर काचेचे बल्ब पांढरे दिसतात, पण निळा थर उजेड खातो.

100/90 का नको? मूळ वायर आणि स्विच त्यासाठी बनलेले नाहीत. कपलर वितळतो, रिफ्लेक्टरचा चकाकता थर करपतो, आणि भुसावळच्या उन्हाळ्यात बोनेटखाली आधीच काय तापलेलं असतं ते सांगायला नको. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवली तर उजेडाचा उगम फिलामेंटच्या नेमक्या जागी आणि आकारात राहत नाही. त्यामुळे डीपरची वरची कड मोडते आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. कंपनीतूनच एलईडी आलेल्या गाडीचा प्रश्न नाही, तिथे पूर्ण दिवाच मंजूर असतो.

कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 106 समोरच्याला दिपवणाऱ्या दिव्यांना मनाई करतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ(4) नुसार परवानगी नसलेला पार्ट बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

बसवणं

दिवा बंद करून थंड होऊ द्या. कपलर ओढा, रबर बूट काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला सरकवा. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा, कारण बोटाचं तेल तापून काच फुटू शकते. एच4 ला तीन कान असतात आणि बल्ब एकाच पद्धतीने बसतो. जोर लावावा लागत असेल तर तो तिरका आहे. रबर बूट ‘टॉप’ची खूण वर ठेवून सगळीकडून दाबून बसवा, नाहीतर धूळ आणि पावसाचं पाणी आत जातं. बल्ब नेहमी जोडीनेच बदला.

फोकस

सपाट जागा आणि भिंत हवी. हंगाम नसताना जिनिंगचं आवार उत्तम. टायरमध्ये नेमकी हवा, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस, लेव्हलरची (दिवा वर-खाली करणारी डॅशबोर्डवरची) चकती 0 वर. दिव्यापासून भिंत 10 मीटर. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर रेघ मारा आणि तिच्याखाली 10 सेंटिमीटरवर दुसरी. दिव्यावर 1 टक्का छापलेलं असेल तर हाच हिशोब, 1.2 असेल तर 12 सेंटिमीटर. डीपर लावून उजवीकडची आडवी कड खालच्या रेघेवर आणा. डावीकडे कड वर चढलेली दिसेल, ती तशीच हवी. उजवीकडे चढलेली दिसली तर दिवा परदेशी, उजव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीचा आहे. तो फोकस करून सुधारणार नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मागे तिघं आणि डिकी भरून निघालात की गाडीचं तोंड वर होतं. लेव्हलर 2 किंवा 3 वर करा, 0 म्हणजे सगळ्यात उंच. परत आल्यावर 0 वर आणायचं विसरू नका, नाहीतर उजेड बोनेटपुढेच पडेल आणि नवा बल्ब घेऊन उपयोग काय असं वाटेल.