मराठवाड्यातून रणाकडे: गाडी काढण्याआधीची तयारी

वाळवंटाच्या प्रवासाची यादी पाण्यापासून लिहायला घ्यावी. कपडे, कॅमेरा, मुक्काम, सगळं नंतर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं होतं. त्या दिवसांत घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांना पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण सहलीला निघालो की आपल्याही तोंडी ‘पुढे मिळेल की बाटली’ येतंच. कच्छमध्ये खावड्याच्या पलीकडे किंवा जैसलमेरहून तनोटकडे जाताना ते ‘पुढे’ फार लांब असू शकतं. शिवाय तिथल्या वस्तीवर जे पाणी असतं ते त्या लोकांनी पावसाळ्यात थेंबाथेंबाने साठवलेलं असतं. थरच्या वाळवंटात घराशेजारी जमिनीखाली टांका बांधून त्यात पावसाचं पाणी उतरवतात. कच्छच्या बन्नी भागात मालधारी, म्हणजे तिथले गुराखी, आटलेल्या तळ्याच्या पोटात विरडे, म्हणजे उथळ झरे, खणतात. पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वर राहतं, तेवढंच हळूहळू उपसून माणसं आणि जनावरं जगतात. अशा पाण्यावर आपल्या हौसेचा भार पडू नये, इतकं पाणी गाडीत हवं. माझ्या यादीतली ही पहिली अट आहे आणि बाकीची यादी तिच्याभोवतीच उभी राहते.

हिशेब सोपा आहे. थंडीतही माणशी रोज चार लिटर फक्त पिण्याला धरा. चार माणसं आणि दोन दिवस म्हटलं की बत्तीस लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन जार. हात-तोंड धुण्याला आणि गाडीला दहा लिटरचा एक वेगळा कॅन. प्रत्येक मोठं गाव सोडताना हे पुन्हा काठोकाठ भरायचं, अर्धे उरले असले तरी. सगळं पाणी एकाच भांड्यात नको. एक झाकण ढिलं राहिलं तरी दोन दिवसांचं पाणी डिकीत सांडतं. घरात जुनी छागळ पडली असेल तर ती धुऊन घ्या. कोरड्या हवेत तिच्या कापडातून झिरपलेलं पाणी भराभर उडून जातं आणि आतलं पाणी गार राहतं. मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये ती जसं काम करते तसंच तिकडे डिसेंबरच्या दुपारीही करते. ओआरएसची पाकिटं ठेवाच. ती संपलीच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

जायचं कधी, हे तिकडची हवा आणि आपली शेती मिळून ठरवतात. कच्छच्या छोट्या रणात, म्हणजे तिथल्या खाऱ्या सपाट वाळवंटात, पावसाळ्यात खाडीचं आणि नद्यांचं पाणी शिरतं. ऑक्टोबरमध्ये तिथे अजून चिखल असतो आणि मार्चपासून ऊन पेटतं. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शेतीवाल्या घरांनी सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला आणि तूर काढणीला यायला अवकाश आहे, अशी मधली फट पकडावी. कापूसवाल्यांना वेचणीच्या दोन फेऱ्यांमधले दिवस शोधावे लागतात. दिवाळीची सुट्टी आणि वर्षअखेरचा आठवडा मात्र टाळा, कारण तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात. भूजच्या पलीकडे मिठाने पांढरं झालेलं रण आहे, त्या पांढऱ्या रणात पौर्णिमेला जायचं असेल तर मुक्काम खूप आधी ठरवावा लागतो.

रस्ता आपल्याकडून सरळ आहे. बीड, धाराशिवकडचे लोक सोलापूर–धुळे महामार्गानेच वर येतात, नांदेड-परभणीकडच्यांनी जालन्यावरून संभाजीनगर गाठायचं. तिथून कन्नडचा घाट, चाळीसगाव, धुळे, मग नवापूरमार्गे सुरत आणि पुढे वडोदरा, अहमदाबाद. पहिला मुक्काम भरूच-वडोदऱ्याच्या आसपास ठेवला तर दुसऱ्या दिवशी उजेडात छोट्या रणाच्या काठावर, दसाडा-झैनाबादला पोचता येतं. तिथून भूज, पांढरं रण, खावडा, धोलावीरा. दिवस हाताशी असतील तर राधनपूर, थराद, सांचोरवरून बाडमेर आणि बाडमेरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर जैसलमेर. आठवडाभराचीच रजा असेल तर कच्छवर थांबा. कच्छ आणि थर दोन्ही आठ दिवसांत बसवायला गेलं की सगळा वेळ गाडीच्या काचेआड जातो, आणि ज्यासाठी निघालो ते रण बाजूने निघून जातं.

घरून निघायची वेळ पहाटे चारची नको. हंगामात आपल्याकडचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात. दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. फटफटल्यावर निघा. तिकडेही सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठायचा हा नियम कडक पाळा, कारण अंधारात नीलगाय, गुरं आणि उंट रस्त्यावर येतात. उंटाचे पाय बंपरच्या उंचीवर आणि धड काचेच्या उंचीवर असतं, हे लक्षात घेतलं की वेग आपोआप कमी होतो. कच्छ-जैसलमेर आपल्या पश्चिमेला आणि उत्तरेला असल्यामुळे तिथे हिवाळ्यात सूर्य अर्धा-पाऊण तास उशिरा उगवतो. पहाटेच्या फेरीची वेळ त्या हिशेबाने ठरवा.

गाडी निघायच्या आठ-दहा दिवस आधी ओळखीच्या मेकॅनिककडे न्या, आदल्या दिवशी नको. दुरुस्तीनंतर ती चारदोनशे किलोमीटर चालून बघायला वेळ हवा. कूलंट, त्याचे रबरी पाइप, फॅन बेल्ट, ब्रेक, बॅटरी, एअर फिल्टर एवढं त्याच्यासमोर उभं राहून तपासून घ्या. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर घरीच बदललेली बरी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. वरची नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर आतून तडकलेलं असतं, लांबच्या गरम रस्त्यावर त्याचा भरवसा धरू नये. स्टेपनीत हवा भरायला सगळे विसरतात, म्हणून तिचं नाव यादीत वेगळं लिहा. जॅक आणि पाना आहे ना, एवढं पाहून भागत नाही. घरासमोर एकदा चाक काढून बसवा, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, घरातल्या बायकांनीही, ते स्वतःच्या हाताने करावं.

डिकीत हवेचा छोटा पंप, ट्यूबलेस पंक्चरचं सामान, बॅटरीची केबल, मजबूत दोरखंड, खोरं, चांगली टॉर्च आणि दोन जाड फळ्या किंवा जुनी रबरी पायपुसणी. चाक वाळूत रुतलं की ॲक्सिलरेटर दाबत राहायचं नाही, ते आणखी खाली जातं. चाकापुढची वाळू उपसायची, फळी सरकवायची, टायरमधली हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवायची म्हणजे टायर पसरतो, आणि हलक्या पायाने गाडी बाहेर काढायची. डांबरावर आलं की लगेच पंपाने हवा पुन्हा भरायची. गरम रेडिएटरचं झाकण कोणीही, कितीही घाई असली तरी उघडायचं नाही. इंधनाचा नियम एकच, अर्धी टाकी उरली की भरायची. भूज, रापर, बाडमेर, जैसलमेर, रामगढ ही गावं टाकी न भरता सोडू नका.

हे सगळं सामान रस्त्याकडेला अडकलो तर, एवढ्यासाठीच आहे. आपली गाडी रणात किंवा टेकाडांवर घालण्यासाठी नाही. रणावरचा कोरडा पापुद्रा आपल्या काळ्या रानातल्या अर्धवट वाफशासारखा फसवा असतो, वरून घट्ट आणि खाली ओला चिखल. छोट्या रणात स्थानिक माणसाच्याच जीपने जायचं. त्याला वाट माहीत असते आणि आपले पैसे त्या गावात राहतात. रणात अगरिया कुटुंबं मीठ पिकवतात. त्यांच्या आगरांत गाडी किंवा पाय घालायच्या आधी विचारावं, ते त्यांचं उभं पीक आहे.

कागदपत्रं आता मोबाईलवर चालतात, तरी छापील प्रतींची एक फाईल करा: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या दोन-तीन प्रती. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो; तो ऑनलाइन निघतो किंवा वाटेत भिरंडियाराच्या नाक्यावर. छोट्या रणातल्या घुडखर, म्हणजे रानगाढवांच्या, अभयारण्याला आणि जैसलमेरच्या राष्ट्रीय मरू उद्यानाला वनविभागाची परवानगी लागते. तनोटच्या मंदिरापर्यंत जाता येतं, पण त्यापुढे सीमेकडे जायला सीमा सुरक्षा दलाची परवानगी हवी. ड्रोन घरी ठेवा. हा सीमेचा आणि दुर्मीळ पक्ष्यांचा मुलूख आहे. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा गाडीत एकही बाटली नको, कोणी आग्रह केला तरी. नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घ्या आणि त्या त्या दिवसाचा रस्ता कागदावरही लिहा. खावड्याच्या पुढे फोनला रेंज असेलच असं नाही. रोजचा मार्ग आणि मुक्काम घरी कोणाला तरी लिहून द्या आणि त्याला सांगा, रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर मुक्कामाच्या ठिकाणी विचार. आपत्तीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

खाण्याची काळजी मराठवाड्याच्या स्वयंपाकघराला करावी लागत नाही. दशम्या आणि धपाटे पहिल्या दोन-तीन दिवसांना पुरतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदे. येसराचं पीठ नक्की घ्या. कुठेही गरम पाणी मिळालं की आमटी होते, आणि तिकडे बाजरीचा रोटला मिळतोच. गूळ-शेंगदाण्याचा डबा हाताशी, डिकीत नको. जैसलमेरला केर-सांगरीची भाजी समोर आली की नीट बघून खा: सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा, तीच शमी जी आपण दसऱ्याला पुजतो. वाळवंटात ती माणसाला, शेळीला आणि उंटाला जगवते. तिच्यासाठी १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवी आणि ३६२ बिश्नोई माणसांनी जीव दिला. मुलांना ही हकिकत निघण्याआधीच सांगितली तर वाटेतली झाडं त्यांना ओळखीची वाटतील.

कपड्यांचं थोडक्यात: सुती, पूर्ण बाह्यांचे, वर बांधायला पंचा किंवा ओढणी, आणि रात्रीसाठी स्वेटर, कानटोपी, जाड शाल. जानेवारीत जैसलमेरची पहाट पाच अंशांच्या आसपास उतरते. पांढऱ्या मिठावरून ऊन खालूनही डोळ्यांवर येतं, म्हणून गॉगल लहान मुलांनाही. बूट बंद हवेत. औषधांत रोजच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. फुटलेल्या ओठांना आणि टाचांना खोबरेल तेल. फुरसं तिकडे सगळीकडे आहे, म्हणून अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही नको. अवयव हलू न देता थेट मोठं रुग्णालय.

आता जिच्यासाठी माझा जीव तुटतो ती गोष्ट. आपल्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथल्या माळावर माळढोक दिसणं जवळजवळ संपलं आहे. जगात उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेरच्या परिसरात आहेत. ३,१६२ चौरस किलोमीटरचं मरू उद्यान त्यांचा मुख्य आसरा आहे. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. म्हणून तिथे जाताना दुर्बीण न्या, लांबूनच बघा, वाट सोडून गाडी नेऊ नका, फोनवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. दिसला नाही तर गाइडला पैसे वाढवून जवळ न्यायला सांगू नका. मुक्कामही जमल्यास रात्री मोठ्या आवाजाची गाणी लावणाऱ्या तंबूंच्या रांगेत न घेता जैसलमेरजवळच्या खुरी गावाकडच्या एखाद्या घरी घ्या.

धोलावीऱ्याला मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेलं हे हडप्पाकालीन शहर दोन हंगामी ओढ्यांच्या मधे वसलं होतं आणि त्यांचं पाणी अडवून खडकात कोरलेल्या मोठमोठ्या हौदांत साठवत होतं. बारवांच्या मुलखातून आलेल्या माणसाने त्या हौदांच्या पायऱ्यांजवळ सावकाश थांबावं. जाण्याआधी गावातली एखादी बारव मुलांना दाखवून आणा.

निघायच्या आधीच्या रविवारी एक सराव करा. सगळं सामान गाडीत ठरलेल्या जागी भरायचं आणि पैठणला नाथसागराच्या काठी जाऊन संध्याकाळी परतायचं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरलेले असतात, दुर्बिणीचीही सवय होते. परत आल्यावर ज्या वस्तूला हात लागला नाही तिचा विचार करा, आणि जी शोधायला दहा मिनिटं लागली तिची जागा बदला. पाणी, टॉर्च, औषधं आणि पंप कोणतीही पिशवी न उपसता हाती आले पाहिजेत.

यादीतलं शेवटचं काम परत आल्यावरचं आहे, पण ते आधीच लिहून ठेवा. रणाकाठच्या रस्त्यांवरचं मीठ गाडीच्या पोटाला चिकटून राहतं आणि पत्रा खातं. घरी पोचल्यावर दोन दिवसांत गाडी वॉशिंग सेंटरवर रॅम्पवर चढवून खालून धुऊन घ्या आणि एअर फिल्टर काढून झाडून घ्या.