पडीक रानातलं अनुक्रमण मोजायचं कसं

शेतात पेरणी थांबली की आधी तण येतं, मग गवत, मग काटेरी झुडपं. वनस्पतींच्या एका समूहाची जागा दुसऱ्याने घेण्याच्या या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. उघड्या कातळावर ते दगडफूल आणि शेवाळापासून सुरू होतं आणि फार रेंगाळतं. हे झालं प्राथमिक अनुक्रमण. पडीक शेतात माती असते, मातीत बिया असतात, जुनी मुळं असतात, त्यामुळे तिथलं दुय्यम अनुक्रमण दोन-चार वर्षांत डोळ्यांना दिसतं. मोजायला घ्यावं ते हेच.

दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, म्हणजे सासवड-बारामतीकडच्या माळावर, एकाच उताराचे आणि सारख्या खोलीच्या मातीचे तीन तुकडे शोधा: गेल्या वर्षी पड टाकलेला, चार-पाच वर्षं पडीक असलेला आणि दहाच्या वर वर्षं झालेला. पूर्वी तिथे काय पिकायचं, गुरं किती चरतात, वणवा लागला होता का, हे मालकाला विचारून आधी लिहून घ्या. हे टाळलं की निष्कर्ष हमखास चुकतो: एक तुकडा विहिरीखालचा आणि दुसरा मुरमाड असेल, तर दिसणारा फरक वयाचा नसून पाण्याचा असतो.

झाडं मोजायला जमिनीवर टाकायची चौकट १ मीटर बाय १ मीटरची. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो पुरतात. एक कोपरा न चिकटवता ठेवा, म्हणजे झुडपाभोवती सरकवता येते. प्रत्येक तुकड्यात किमान १० चौकटी घ्या. कुठे टाकायच्या ते चिठ्ठ्या काढून ठरवा: बांधावरून किती पावलं आणि तिथून आत किती. ‘छान दिसतंय’ म्हणून निवडलेली चौकट फुकट जाते. चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोका, कारण पुढच्या वर्षी त्याच जागी परत यायचं आहे. लाकडी खुंट्या वाळवी खाते आणि उरलेल्या चुलीत जातात.

नोंदीची वेळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, गवताला तुरे असताना. तुऱ्याशिवाय गवत ओळखणं जाणत्यालाही जड जातं. जुलैत मोजलंत तर टाकळाच टाकळा दिसेल. गुरं तो सहसा खात नाहीत, त्यामुळे जास्त चराईच्या जागी तो माजतो, आणि पाऊस सरला की वाळून जातो.

गवताच्या काड्या मोजू नका, ठोंब मोजा. समजा, १० चौकटींत मारवेल गवताचे ८४ ठोंब मिळाले आणि ते ६ चौकटींत होते, तर घनता दर चौरस मीटरला ८.४ आणि वारंवारता ६० टक्के. दोन्ही आकडे लागतात: नुसती घनता एका दाट पुंजक्यानेही फुगते.

साधारण क्रम असा दिसतो: पहिल्या वर्षी गाजरगवत, आघाडा, टाकळा अशी वर्षायू तणं, नंतर कुसळी गवत, चराई आवरली तर मारवेल आणि पवन्या ही गवतं, मग बोर, पळस, बाभूळ. कुसळीचं बी जवळून पाहाच. ओल लागली की त्याची पिळदार शेपटी उलगडते आणि अणकुचीदार टोक मातीत घुसतं. जनावरांच्या केसांनाही ते चिकटतं, त्यामुळे चरलेल्या रानात ते मागे राहतं. पवन्या आणि मारवेल मात्र गुरांच्या आवडीचे, म्हणून ते आधी संपतात. जादा चराईत हा क्रम उलटाही फिरतो. घाणेरी दाट माजली तर तो वर्षानुवर्षं अडूनही राहतो.

एवढ्याने झाली वनस्पतींची यादी. परिसंस्था, म्हणजे सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती-पाणी मिळून, म्हटली की पाणी आणि विघटक, म्हणजे पालापाचोळा कुजवणारे जीवही मोजायला हवेत. १५ सेंमी व्यासाचं, दोन्हीकडून उघडं पत्र्याचं नळकांडं ५ सेंमी आत ठोका, आत प्लास्टिक पसरून त्यावर ४५० मिलि पाणी ओता आणि प्लास्टिक हळूच काढा. हे झालं सुमारे २.५ सेंमी पाऊस पडल्यासारखं. पहिलं पाणी जिरू द्या; दुसऱ्यांदा ओतून ते जिरायला लागणारा वेळ मोजा. मे महिन्यात काळ्या मातीत हा प्रयोग नको: पाणी भेगांतून पळतं आणि जमीन उगाच सच्छिद्र वाटते.

विघटनासाठी २० ग्रॅम वाळलेली पानं कांद्याच्या जाळीदार गोणीच्या कापडात शिवा आणि जूनमध्ये मातीवर दगडाखाली ठेवा. तीन महिन्यांनी माती झटकून, वाळवून वजन करा. शेजारीच मच्छरदाणीच्या कापडाची दुसरी पिशवी ठेवा. तिच्यात गांडुळं आणि मोठे किडे शिरत नाहीत, त्यामुळे दोन वजनांतला फरक म्हणजे ढोबळमानाने त्यांचं काम. पानं जाळीच्या भोकांपेक्षा मोठी हवीत, नाहीतर गळालेला चुराही कुजला म्हणून मोजला जाईल.

एक सावधगिरी. झाडं दिसत नाहीत म्हणून माळ ‘अपुरं जंगल’ समजू नये. कमी पाऊस, उथळ माती आणि चराई यांमुळे इथली गवताळ परिसंस्था तशीच टिकते. चिंकारा आणि लांडगा याच उघड्या रानात राहतात. तिथे चर खोदून रोपं लावली तर गवताचे ठोंब उपटले जातात आणि उकरलेल्या मातीवर पुन्हा गाजरगवत येतं. एखाद्या तुकड्यावर लागवडीचा बेत असेलच, तर त्याआधी किमान दोन ऑक्टोबरांच्या चौकटी वहीत हव्यात.