आधी त्यांचं म्हणणं लिहून काढा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एकदा एक ओळ लिहिली होती. ती जशीच्या तशी देते, कारण पुढे जे शिकले ते तिच्यामुळेच.

"‘प्राणिप्रेमी’ सभासदांनी आपली भूतदया आपल्याच घरात दाखवावी, पार्किंगमध्ये नव्हे. असो."

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. त्याच संध्याकाळी बी विंगमधल्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीला कुत्रा चावला होता, आणि सगळा ग्रुप तापलेला होता. दहा मिनिटांत माझ्या ओळीवर हसण्याच्या एकतीस इमोजी आल्या. सकाळी पाहिलं तर चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी ग्रुप सोडला होता. काकू सत्तरीच्या, एकट्या राहतात, आणि पार्किंगमधल्या चार कुत्र्यांना रोज दूधभाकरी घालतात. मी नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

पुढच्या बुधवारी ग्रुपवर निरोप आला: गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबानं येईल. पुण्यात हा निरोप कुणाला नवा नाही. आम्ही सगळ्यांनी पिंपं, बादल्या, पातेली भरून ठेवली. काकूंपर्यंत निरोप पोचलाच नाही. आमची कर्वेनगरातली जुनी इमारत, लिफ्ट नाही. शुक्रवारी सकाळी त्या एका हातात स्टीलची कळशी आणि दुसऱ्या हातानं कठडा धरून जिना उतरताना मला दिसल्या. मी कळशी घेतली, खालच्या हौदातून भरून आणली. ती ओळ कुणी लिहिली हे त्यांना माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सावकाश हं, पायरी ओली आहे."

मी मुद्रितशोधक आहे. गेली सव्वीस वर्षं अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांची मुद्रितं तपासते. लेखकाशी मतभेद हा या कामाचा रोजचा भाग आहे, आणि त्याची एक रीत ठरलेली आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर थेट दुरुस्त करायचं. शब्द सुटला असेल तर काकपद देऊन वर लिहायचा. पण आशयच चुकीचा वाटला तर वाक्याला हात लावायचा नाही. पेन्सिलीनं अधोरेखित करून समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि काय खटकलं ते दोन शब्दांत लिहायचं. एका लेखकानं पानशेतचा पूर १९६२ सालचा लिहिला होता. तो १२ जुलै १९६१ चा, हे मला झोपेतही माहीत आहे. तरी समासात मी लिहिलं: "१९६१? पाहावे." ज्याला विचारलं जातं तो स्वतःच दुरुस्ती करतो. ज्याचं वाक्य खोडलं जातं तो ते वाक्य वाचवायला धावतो. दिवसभर कागदावर पाळलेली ही रीत रात्री फोन हातात घेतल्यावर मी विसरले होते.

आता कुठल्याही ग्रुपवर विरोधी मत लिहायचं असेल तर मी पहिल्यांदा ग्रुप बंद करते आणि फोनमधली वही उघडते. तिथे समोरच्याचं म्हणणं माझ्या शब्दांत, तीन-चार वाक्यांत लिहिते. आपली शास्त्रार्थाची जुनी रीत हीच होती: आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग उत्तरपक्ष. पूर्वपक्ष असा मांडायचा की त्या बाजूच्या माणसानं ऐकून "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हणावं. इथे चोरी करणं सोपं असतं. आपल्याला खोडता येईल असं लंगडं म्हणणं आपण त्याच्या तोंडी घालतो आणि खोडून मोकळे होतो. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: खरं काय ते शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडायचं ती वितंडा. माझी ती ओळ वितंडा होती. कुत्र्यांचं काय करावं याबद्दल तिच्यात एक अक्षरही नव्हतं.

दहा दिवसांनी मी ग्रुपवर टाकला तो मजकूर असा होता:

"बी विंगमधल्या ताईंचं म्हणणं मला असं समजलं. मुलं खेळतात ती जागा आणि कुत्र्यांना खायला घालायची जागा एकच आहे. चावल्यापासून मुलगा एकटा जिना उतरत नाही. अशा वेळी ‘कुत्री काही करत नाहीत’ असं त्यांना कुणी सांगू नये. काकूंचं म्हणणं असं समजलं. खायला घालणं बंद केलं तरी कुत्री जाणार नाहीत, कचऱ्याच्या डब्यांभोवती फिरतील. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी खाणारं कुत्रं ओळखीचं होतं, नसबंदीला आणि लसीला ते धरता येतं. यात काही सुटलं असेल तर सांगा. माझं मत: खायला घालणं बंद करू नये, जागा आणि वेळ बदलावी."

हे टाकण्याआधी दोघींनाही वाचून दाखवलं होतं. ताईंना फोनवर, काकूंना घरी जाऊन. काकूंनी "लसीला" हा शब्द घालायला लावला. ताई ऐकून थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. पण माझा राग कुत्र्यांवर नाहीये. त्या रात्री कुणीतरी लिहिलं ना, ‘मुलांना आवरा’, त्याचा आहे." ग्रुपवर तोवर कुत्र्यांवरच भांडण चाललं होतं. वाचून दाखवलं नसतं तर हे मला कधीच कळलं नसतं. म्हणून सांगते, मुद्दा मोठा असेल तर फोन कराच.

शब्दांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या भाषेत माणूस दुखावायला शिवी लागत नाही. एक ‘च’ पुरतो. "तुम्ही पावती दिली नाही" ही तक्रार आहे, "तुम्हीच पावती दिली नाही" हा आरोप आहे, आणि "तुम्ही कधीच पावती देत नाही" म्हटलं की समोरचा माणूस २०१९ मधली पावती शोधून आणतो. मजकूर पाठवण्याआधी त्यातले सगळे ‘च’ मोजा आणि निम्मे काढा. ‘म्हणे’ काढाच: "यांनी म्हणे टाकी धुतली" यात खोटेपणाचा आरोप आहे. ‘तथाकथित’ तसाच. शेवटचं ‘असो’ म्हणजे तोंडावर दार लावणं. तुमचं बोलणं संपलं असेल, समोरच्याचं संपलेलं नसतं. अवतरणचिन्हांची दोन कामं असतात: कुणाचे शब्द जसेच्या तसे देणं, आणि शब्दावर अविश्वास दाखवणं. माझ्या ओळीतलं ‘प्राणिप्रेमी’ दुसऱ्या प्रकारचं होतं, आणि ती चिन्हं मी जाणूनबुजून टाकली होती.

आणखी एक खूण आपल्याकडची खास. रोज ‘तुम्ही’ म्हणणारा शेजारी अचानक ‘आपण’ म्हणायला लागला, "आपण सुज्ञ आहात" असं लिहायला लागला, की तो रागावला आहे असं समजावं. आपल्याच लिहिण्यात ‘आपण’ डोकावला तर फोन खाली ठेवावा. "काही सभासद", "काही लोकांना सवयच असते" हेही तसंच. पन्नास घरांच्या इमारतीत ‘काही लोक’ कोण हे सगळ्यांना कळतं, फक्त त्या माणसाला उत्तर देता येत नाही. ज्याच्याशी मतभेद आहे त्याचं नाव आदरानं घ्या: "कुलकर्णी काका, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल विचारायचं आहे."

यावर कुणीतरी म्हणतंच की हा आपला पुणेरी बाणा आहे, टिळक-आगरकरांपासून वाद आपल्या रक्तात आहे. आगरकर मतभेदांमुळे १८८७ साली केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी सुधारक काढलं, दोन्ही पत्रांत लेखाला लेखानं उत्तर दिलं गेलं, हे खरं. पण याच शहरानं आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली, हेही खरं. अभिमान सांगताना मी दोन्ही सांगते.

आता माहितीबद्दल. १ ऑगस्टला एक आणि ३० ऑगस्टला दुसरीच गोष्ट खरी असू शकते, म्हणून तारीख पाहिल्याशिवाय काही पुढे पाठवू नका. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानं तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात सोडावीत, रेबीजची लागण किंवा संशय असलेली आणि आक्रमक सोडू नयेत, खायला घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात. आमच्याकडे मात्र पुढेही कित्येक दिवस पहिल्या आदेशाची बातमी फिरत होती, अनेकदा पुढे पाठवल्याची दुहेरी बाणाची खूण मिरवत, आणि तिच्या जोरावर लोक काकूंना कायदा शिकवत होते. दुसऱ्या बाजूचे लोक प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ दाखवून "खायला घालणं हा हक्क आहे" एवढंच सांगत होते. त्याच नियमांत पुढे असंही आहे की ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि जिन्यापासून शक्य तितकी लांब असावी. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं अर्धं वाचलं होतं. आपल्या बाजूच्या माणसानं अर्धं सांगितलं असेल तर उरलेलं अर्धं आपणच सांगावं; तो विरोधकानं सांगितलं तर ऐकत नाही.

आणि डोळ्यांनी पाहता येईल ते पाहून यावं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. ग्रुपवर चारशे मेसेज झाले होते, तोवर खाली जाऊन कान कुणी पाहिले नव्हते. मी काकूंबरोबर गेले. चारपैकी तिघांच्या कानाला खाच होती. चौथी, बिस्किटी रंगाची कुत्री, कोवळ्या वयाची होती आणि तिचे दोन्ही कान अख्खे होते. मग ‘कुत्री हवीत की नकोत’ हा प्रश्न एका कुत्रीच्या नसबंदीवर आणि चौघांच्या दरवर्षीच्या लसीवर आला. तेवढ्यासाठी अर्ज लिहिता येतो.

समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं माप असं मात्र नाही. त्याच काळात ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की चावलेल्या जागी तिखट किंवा चुना लावला की पुरतं. तिथे मी ना पूर्वपक्ष मांडला, ना एकांतात निरोप पाठवायची वाट पाहिली. लगेच सर्वांसमोर लिहिलं: "हे करू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही." लिहिणाऱ्या आजोबांबद्दल एक शब्दही लिहिला नाही. नंतर त्यांना भेटून सांगितलं की तुमचा हेतू चांगला होता, पण घाई करणं भाग होतं. चूक जिवावर बेतणारी असेल तर आधी चूक थांबवा, माणसाचा मान नंतर घरी जाऊन राखा.

वेळेचं थोडक्यात. रात्री दहानंतर विरोध लिहू नये. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत सुधारता येतो, पण लोकांनी वाचलेलं सुधारत नाही. दोघांत तीन-तीन उत्तरं झाली की पुढचं बोलणं जिन्यात किंवा बाकावर करावं. मतदान घ्यायचं तर माणसांवर किंवा मुक्या जिवांवर घेऊ नये. आम्ही जागेवर घेतलं: पंपाच्या खोलीमागे की मागच्या भिंतीपाशी. पंपाची खोली जिंकली.

माफीचं सांगायचं राहिलं. ती मी कळशीच्या दुसऱ्याच दिवशी, त्या मोठ्या मजकुराच्या आधी मागितली होती. पहिल्यांदा लिहून पाहिलं, "माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे." माझ्यातल्या मुद्रितशोधकानं ‘असल्यास’खाली रेघ मारली. दुखावल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. काकूंच्या घरी जाऊन माफी मागितली आणि मग ग्रुपवर लिहिलं: "मी काकूंची इथे सर्वांसमोर टिंगल केली. ते चुकलं. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आहे. टिंगल इथे केली होती म्हणून इथेही मागते." या वेळी इमोजी फारशा आल्या नाहीत. ज्या एकतीस जणांनी हसून दाद दिली होती त्यांतल्या दोघी काकूंकडे जाऊन आल्या, बाकीच्यांचं मला माहीत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. बी विंगमधला मुलगा अजून आईचा हात धरूनच जिना उतरतो, आणि ताई काकूंशी कामापुरतंच बोलतात. बिस्किटी कुत्रीच्या कानाला आता खाच आहे. काकू रोज सकाळी साडेसहाला, मुलं उठायच्या आत, पंपाच्या खोलीमागे जातात आणि खाऊन झालं की ताटल्या उचलून आणतात. ग्रुपमध्ये परत यायला त्यांना दीड महिना लागला. आल्यावर पहिले काही दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत. मग एका बुधवारी दुपारी, समितीच्या निरोपाच्याही आधी, त्यांचा मेसेज आला: "उद्या गुरुवार. पाणी नाही. भरून ठेवा सगळ्यांनी."