वेगवान आक्रमणाची पद्धत स्वीकारताना कॉलेज संघांकडून होणाऱ्या चुका

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एक चाल संपली की पुढची सुरू करण्यासाठी आक्रमक संघाला 40 सेकंद मिळतात. नेहमीचे संघ त्यातला बराचसा वेळ हडलमध्ये, म्हणजे घोळका करून पुढची चाल ऐकण्यात घालवतात. वेगवान पद्धतीचा संघ हडल टाळून थेट चेंडूपाशी रांग लावतो आणि समोरचे बचावपटू अजून धापा टाकत असतानाच स्नॅप घेतो, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू करतो. प्रशिक्षक चिप केली यांच्या हाताखाली ऑरेगन विद्यापीठाच्या संघाने 2009 ते 2012 या चार हंगामांत याच पद्धतीने 46 सामने जिंकले आणि केवळ 7 गमावले. साहजिकच ही पद्धत अनेकांना हवीशी वाटू लागली, परंतु ती उचलताना बहुतेकांची पहिली चूक मैदानावर नव्हे तर कागदावर होते.

वेग पायांत असतो असे समजून प्रशिक्षक उन्हाळाभर खेळाडूंना पळवतात. प्रत्यक्षात सेकंद वाया जातात ते शब्दांत. पारंपरिक पद्धतीत चाल सांगताना रचना, अडवणुकीची पद्धत आणि पास पकडणाऱ्या रिसीव्हरांचे मार्ग असे सगळे एका लांबलचक वाक्यात येते, आणि तेच वाक्य खुणांनी अकरा जणांपर्यंत पोचवायचे म्हटले की चाल चालवणारा क्वार्टरबॅक सीमारेषेवरच्या प्रशिक्षकाकडे पाहत उभा राहतो आणि घड्याळ पळत राहते. उपाय एकच: संपूर्ण चालीला एकच शब्द किंवा एकच खूण. समजा 'डॅलस' म्हटले, तर प्रत्येकाला आपली जागा आणि आपले काम त्याच शब्दात कळले पाहिजे. असे शब्द पन्नास असून चालत नाही. माझ्या मते पहिल्या हंगामात बारा-पंधरा पुरेत, आणि जुनी जाडजूड चालपोथी तशीच ठेवून वर वेग मागणे हा हट्ट सोडून द्यावा.

दुसरी चूक चेंडूच्या बाबतीत होते, आणि ती फारच क्षुल्लक वाटते. रिसीव्हर नऊ यार्डांचा पास पकडून पडतो, उठतो, चेंडू बाजूला भिरकावतो आणि आपल्या जागेकडे धावत सुटतो. पंचांनी चेंडू जागेवर ठेवल्याशिवाय स्नॅप घेता येत नाही, त्यामुळे चेंडू मागे देणारा सेंटर रिकाम्या गवतासमोर ताटकळतो आणि बचाव करणाऱ्यांना फुकटची विश्रांती मिळते. चेंडू जवळच्या पंचाच्या हातात द्यायचा, ही सवय सरावातच लागली पाहिजे. याच्या उलट बाजूचा दोषही नेहमी दिसतो: क्वार्टरबॅक स्नॅप मागतो तेव्हा उजवीकडचा अवजड टॅकल, म्हणजे रांगेत अडवणूक करणारा खेळाडू, अजून पाय रोवतच असतो. स्नॅपपूर्वी अकराही जण एक पूर्ण सेकंद स्थिर असावे लागतात, नाहीतर 5 यार्डांचा दंड होतो आणि सगळी लय तिथेच मोडते. म्हणून सरावात एकाला पंच बनवून त्याच्याकडूनच चेंडू ठेवून घ्यावा, आणि चेंडू ठेवल्यापासून स्नॅपपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने वेगळा मोजावा. त्याआधीचा विलंब चेंडू पंचांपर्यंत पोचण्यात आणि त्यांनी तो ठेवण्यात होतो, नंतरचा आपल्या रांगेत.

खेळाडू बदलण्याची खोड तर वेगाच्या मुळावरच येते. आक्रमक संघाने बदल केला की बचाव करणाऱ्यांनाही बदलाची संधी द्यावी लागते आणि तोवर पंच चेंडूपाशी उभा राहून स्नॅप रोखतो. तेव्हा ब्लॉकही करील आणि बाहेर जाऊन पासही पकडील असा टाइट एंड (रांगेच्या टोकाचा खेळाडू) हाताशी नसेल, तर ही पद्धत सध्या न स्वीकारलेलीच बरी.

2024 पासून वरच्या विभागात एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ चालतो आणि चाल-घड्याळावर, म्हणजे त्या 40 सेकंदांच्या घड्याळावर, 15 सेकंद उरले की तो बंद होतो. वेगवान संघ त्याआधीच स्नॅप घेत असल्याने प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकला जवळजवळ शेवटपर्यंत ऐकू येतो, हे खरे. पण म्हणून खुणा सोडून देणारे फसतात, कारण गर्दीच्या गोंगाटात टोकाला उभ्या रिसीव्हरला काहीच ऐकू येत नाही.

तरीही सर्वांत महाग पडते ती कायम एकाच गतीने खेळण्याची चूक. पहिला डाऊन (दहा यार्ड पुढे सरकल्यावर मिळणाऱ्या नव्या चार संधी) मिळत असेल तोवरच वेग समोरच्याला दमवतो; तीन चाली फसल्या, तर अर्ध्या मिनिटापूर्वी बाहेर आलेली आपलीच बचावफळी पुन्हा मैदानात उतरते. नोव्हेंबर 2012 मध्ये सामन्यामागे सुमारे 50 गुण करणाऱ्या ऑरेगनला स्टॅनफर्डने त्यांच्याच मैदानावर 14 गुणांवर रोखले आणि अतिरिक्त वेळेत 17-14 असे हरवले. (गंमत म्हणजे 2014 मध्ये चाल-घड्याळाचे पहिले 10 सेकंद स्नॅपला बंदी घालण्याचा प्रस्ताव आला आणि बारगळला, त्याची बाजू घेणारे प्रशिक्षक निक सेबन यांच्या अलाबामा संघानेही पुढे वेग वाढवलाच.) मोठी चाल साधली की लगेच स्नॅप घ्यावा, पास जमिनीवर पडला की श्वास घ्यावा, कधी धावत रांग लावून मुद्दाम थांबावे आणि बचावाने दाखवलेली रचना पाहून चाल बदलावी.

शेवटची चार मिनिटे उरली आहेत, सात गुणांची आघाडी आहे, आणि क्वार्टरबॅक सवयीने चाल-घड्याळावर 25 सेकंद असतानाच स्नॅप घेतो, हे दृश्य दर हंगामात दिसते. 2023 च्या नियमबदलानंतर पहिला डाऊन मिळाल्यावरही, सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागाची शेवटची दोन मिनिटे वगळता, सामन्याचे घड्याळ थांबत नाही. म्हणजे आघाडी राखणाऱ्याला वेळ खाण्याची आयती सोय झाली आहे, पण हडलमध्ये कधी उभाच न राहिलेल्या संघाला ती वापरता येत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी, चाल-घड्याळ 5 सेकंदांच्या खाली गेल्याशिवाय स्नॅप न घेण्याचा सराव ठेवावा.