रामा आणि रामचंद्र : जात पडताळणीच्या फाइलीत नावे जुळवताना

बारावीच्या वर्षी जात पडताळणीचा अर्ज भरणारे विद्यार्थी आणि त्यांच्या सोबत कार्यालयाच्या पायऱ्या चढणारे पालक यांच्यासाठी हे लिहीत आहे. जात प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळते, त्याच्या वैधतेचा निर्णय जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते आणि नॉन-क्रिमीलेअर हा उत्पन्नाशी निगडित असा तिसराच दाखला आहे, एवढे तुम्हाला ठाऊक असेलच. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या मानीव दिनांकांपूर्वीचे (त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवलेल्या तारखांआधीचे) पुरावे लागतात, हेही कागदपत्रांच्या यादीत वाचायला मिळते. मात्र दोन वेगवेगळ्या कागदांवरचा माणूस एकच आहे हेदेखील आपणच सिद्ध करायचे असते, ही गोष्ट यादी वाचून लक्षात येत नाही. जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे, असे २००१ पासून लागू असलेल्या महाराष्ट्राच्या कायद्यातच म्हटले आहे.

माझी फाइल नेमकी येथेच अडली. आजोबांचा प्राथमिक शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातील नोंदीची नक्कल, १९६७ च्या कितीतरी आधीचा होता आणि त्यावरील जातीची नोंद स्वच्छ वाचता येत होती. परंतु त्या रजिस्टरात नाव होते ‘रामा धोंडी’, आडनाव नव्हतेच. सातबाऱ्यावर आडनावासह ‘रामचंद्र धोंडिबा’ होते. आणि वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव म्हणून ‘रामचंद्र’ लिहिलेले होते. घरात कोणालाही यात शंका घेण्यासारखे काही वाटले नसते. समितीने मात्र पुराव्यातील व्यक्तीशी अर्जदाराचे नाते सिद्ध होत नाही, असे त्रुटीपत्र पाठवले आणि प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली असताना ते पत्र हातात घेऊन बसण्याचा ताण मला आजही आठवतो.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो स्टॅम्प पेपरवर शपथपत्र करण्याचा. शपथपत्र अवश्य जोडावे, पण त्यावर विसंबून राहू नये. ते तुमचे आजचे म्हणणे आहे. आजोबांच्या काळातील नोंदीचे वजन त्याला येत नाही. राजपत्रात नाव बदलून घ्या, असेही सांगितले जाते. तो मार्ग हयात व्यक्तीला स्वतःच्या नावासाठी उपयोगी पडतो. दिवंगत आजोबांच्या दोन नावांतील अंतर त्याने मिटत नाही.

हे अंतर मिटवते ती जुनीच नोंद आणि ती बहुतेक वेळा जमिनीच्या दप्तरात सापडते. जुना हस्तलिखित सातबारा घ्यावा. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदींचे क्रमांक, लिहिलेले असतात, ते टिपून घ्यावेत आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या क्रमांकांचे गाव नमुना ६ चे, म्हणजे फेरफार नोंदवहीचे, उतारे मागावेत. खातेदार वारला की वारसांची नावे गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत लिहिली जातात आणि त्यावरून नमुना ६ मध्ये वारस फेरफार होतो. आमच्या पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात तलाठ्याने ‘रामा ऊर्फ रामचंद्र’ असे लिहून ठेवले होते. मला हवा होता तो पुरावा त्या एका ओळीत होता. म्हणून आवर्जून सांगतो, अर्जाच्या आधीच आजोबांचे नाव प्रत्येक कागदावर कसे आले आहे ते एका वहीत एकाखाली एक उतरवून काढा. नावात फरक दिसला की तो जोडणारा फेरफार त्याच दिवसापासून शोधायला लागा.

ज्यांच्या घरी जमीन नव्हती त्यांनी खचून जाऊ नये. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. अशा नोंदीत बहुधा बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. त्यामुळे केवळ वडिलांची नोंद शोधू नका, आत्या आणि चुलते यांच्याही जन्माच्या नोंदी पाहा. चुलत आजोबांचा निर्गम उतारासुद्धा चालतो, मात्र वंशावळीत ते नाते स्पष्ट दाखवलेले हवे. जुनी नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून तिचे लिप्यंतर करून घ्यावे लागते; मराठवाड्यात काही दप्तर उर्दूत आहे, तेथेही तीच तयारी ठेवावी.

नोंदीत ‘थोडी दुरुस्ती’ करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातही उभे करू नका. समितीचे दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर तपासते. खोट्या प्रमाणपत्रासाठी कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची तरतूद आहे, शिवाय मिळालेला प्रवेश रद्द होतो. रामाचा रामचंद्र करण्यासाठी शाईचा एक फराटा पुरतो, पण तो फराटा खऱ्या दाव्यालाही बुडवतो.

सिनियर विद्यार्थ्यांच्या सल्ल्याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. ‘माझे तर लगेच झाले’ असे सांगणाऱ्याला आधी विचारावे, की चुलत्याची किंवा आत्याची वैधता आधीच झाली होती का. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र हा फार भक्कम पुरावा असतो; तो जवळ असलेल्याचा अनुभव घरातील पहिल्या अर्जदाराला लागू पडत नाही. मला खरी मदत झाली ती एका निवृत्त तलाठ्यांची. कोणत्या वर्षाचे दप्तर कोठे ठेवलेले असते, हे त्यांना तोंडपाठ होते. गावात असे कोणी असतील तर त्यांच्याकडे जा. अर्जाचे शंभर व्हिडिओ पाहण्यापेक्षा त्यांच्याजवळ घालवलेली एक दुपार अधिक उपयोगी पडेल.

अर्ज कोठे करायचा यातही गल्लत होते. जात प्रमाणपत्र ज्या जिल्ह्यातील प्रांताधिकाऱ्यांनी दिले, त्या जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज जातो. महाविद्यालय पुण्यात आणि प्रमाणपत्र लातूरचे असेल, तर समिती लातूरची.

त्रुटीपत्र आले म्हणजे दावा फेटाळला गेला, असे समजू नका. ती पुरावा पूर्ण करण्याची संधी असते. उत्तर लेखी द्या, सोबतच्या प्रत्येक कागदाला क्रमांक घाला, कोणता कागद कोणते नाते जोडतो ते एकेका वाक्यात लिहा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याखेरीज खिडकी सोडू नका. मी फेरफाराचा उतारा असाच क्रमवार मांडून दिला आणि त्यानंतर नात्याविषयी एकही प्रश्न आला नाही. वैधता हातात पडेल त्याच ठिकाणी नावातील प्रत्येक अक्षर दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहा. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा त्यावरचे वर्षही त्याच वेळी बघून घ्या, आणि केंद्रीय कोट्यातून प्रवेश हवा असेल तर केंद्राच्या नमुन्यातील दाखल्याचा वेगळा अर्ज लगेच भरा.